झोपेची गोळी आधी कपाटात ठेवा

‘आई ७६ वर्षांची. मोरीत घसरून खुबा मोडला, कमरेत भूल देऊन ऑपरेशन झालं. त्याच रात्री सलाइन उपटायला लागली, वारलेल्या बाबांना हाका मारायला लागली. मला ओळखेना, मी तिच्यावर ओरडले. आता तीन आठवडे झालेत. दिवसा बरी असते, दिवेलागणीला गोंधळते. काका म्हणतात, भुलेनं मेंदू गेला, पूर्ण भूल द्यायला हवी होती. घरी आल्यापासून भाऊ तिला झोपेची गोळी देतो, मग रात्र शांत जाते. आमचं काय चुकलं?’
– एक लेक, सातारा

ताई,

ओरडलात ते सोडून द्या. रात्रभर जागून आपलीच आई आपल्याला ओळखत नाही म्हटल्यावर कुणाचाही तोल जाईल. आणि तिला वेड लागलेलं नाही. आजारपणात किंवा ऑपरेशननंतर अचानक उडणाऱ्या अशा गोंधळाला डेलिरियम म्हणतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांत तो नेहमी दिसतो.

काकांना सांगा, अमेरिका-कॅनडात खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांची पाहणी झाली, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. कमरेतली भूल असो की पूर्ण, डेलिरियम दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाला झाला. दुखणं, अंगातलं पाणी कमी होणं, सोडियम उतरणं, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, चार दिवस न झालेली शौच, मोडलेली झोप, यातलं काहीही म्हाताऱ्या मेंदूला पुरतं.

मला खटकली ती भावाची गोळी. कुठली, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण झोपेच्या बऱ्याच गोळ्या या वयात गोंधळ वाढवतात आणि तोल घालवतात. रात्री उठताना पुन्हा पडली तर? शिवाय ‘शांत पडून राहते’ याचा अर्थ बरी आहे असा नाही. गप्प, सुस्त डेलिरियमही असतो आणि घरच्यांना तो हमखास बरा वाटतो. गोळी नुकतीच, डॉक्टरांना न विचारता सुरू झाली असेल तर थांबवा. पूर्वीपासून रोज घेत असेल तर मात्र एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

या आठवड्यातच तिला फिजिशियनला दाखवा. सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, सर्दीची, लघवीची, सगळीच. रक्तातलं सोडियम आणि लघवी तपासायला सांगा. ताप आला किंवा हाक मारूनही जागी होईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि चष्मा कुठे आहे तिचा? कानाचं मशीन? ऑपरेशनला जाताना काढून पिशवीत टाकलेलं बऱ्याचदा तिथेच राहतं. ते आधी लावा. दिवसा खिडकीपाशी बसवा, फिजिओथेरपिस्टनं सांगितलंय तेवढं चालवा, चार वाजल्यानंतर चहा नको. संध्याकाळी दिवे लवकर लावा. बाबांना हाक मारली तर ‘ते गेले गं’ असं दरवेळी सांगू नका, त्यांच्याविषयी दोन शब्द बोला.

बऱ्याच जणांची गाडी काही आठवड्यांत रुळावर येते, काहींना महिने लागतात. तीन महिन्यांनीही विसरभोळेपणा तसाच राहिला तर स्मरणशक्तीची नीट तपासणी करून घ्या. आणि पुढे कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं, तर भूलतज्ज्ञांना हा सगळा प्रकार आधीच सांगा, म्हणजे गुंगीचं औषध निवडताना ते काळजी घेतील.