गोठ्यातले प्रश्न: रानातल्या एल्कमुळे गाई गाभडतात का?

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत मोंटानातल्या बोझमनला शिकतो, सुट्टीला एका रँचवर कामाला जातो. तो म्हणतो हिवाळ्यात एल्कचे (आपल्या सांबरासारखं पण अजून मोठं हरीण) कळपच्या कळप गाईंच्या वैरणीवर येतात, आणि मालकाला गवत गेल्याचं दुःख कमी, ब्रुसेलाची भीती जास्त. डॉक्टर, लस आहे ना, मग एवढं घाबरायचं कशाला? आणि सरकार त्या एल्कना हटवत का नाही?
– एक वाचक, फलटण

उत्तर: ताई, मालक घाबरतोय ते बरोबरच आहे. ब्रुसेला म्हणजे तोच आपल्याकडचा सांसर्गिक गर्भपात, सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडते, वार अडकते, पुढे गाभण राहायला त्रास. अमेरिकेने १९३४ पासून अख्ख्या देशातून तो जवळजवळ हद्दपार केला, अपवाद फक्त यलोस्टोन पार्क या राष्ट्रीय उद्यानाच्या भोवतालचा भाग, म्हणजे मोंटाना, वायोमिंग आणि आयडाहोचे कोपरे. तिथे तो रानटी गव्यांत (बायसन) आणि एल्कमध्ये मुरलाय. गंमत म्हणजे रानात तो आला बहुतेक पाळीव गाईंकडूनच, पार्कातल्या बायसनमध्ये १९१७ लाच सापडला होता. आता तोच परत गाईंकडे येतोय, आणि आरडाओरडा बायसनच्या नावाने होतो पण १९९८ नंतर तिथल्या गाईंमध्ये जी लागण झाली ती एल्ककडून, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१७ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय.

आता लागण होते कशी ते नीट बघा, कारण सगळी उपाययोजना त्यावरच उभी आहे. एल्क आणि गाय एका रानात चरली म्हणून लगेच काही होत नाही. एल्कची मादी वेळेवर विते तेव्हा कळपापासून लांब एकटी जाते आणि जागा चाटूनपुसून साफ करते, त्यामुळे तिथून धोका कमी. पण लागण झालेली मादी गाभडते ती साधारण फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत, आणि कधी कधी ऐन कळपात, वैरणीपाशीच. बर्फावर तो गर्भ, वार, पाणी पडून राहतं, दुसऱ्या दिवशी गाय येते आणि हुंगते, चाटते, झालं. थंडीत जंतू तिथे तीन आठवड्यांपासून जवळपास अडीच महिने जिवंत राहू शकतात. कोल्हे, कायोटी (तिकडचा कोल्ह्यासारखा रानटी कुत्रा), कावळे, गरुड ते खाऊन साफ करतात म्हणून कायोटी दिसला की गोळी घालणारे मालक एका अर्थी आपलाच सफाई कामगार मारतात, असं मला तरी वाटतं.

म्हणून तिकडचे शहाणे मालक करतात काय, तर गवताच्या गंज्यांना आठ फूट उंच जाळी लावतात, या महिन्यांत गाई एल्कच्या वावरापासून लांब ठेवतात, कुरणात उशिरा सोडतात, एल्कना हाकलतात. लस कालवडींना देतात, आरबी ५१ नावाची, पण ती गर्भपात बऱ्यापैकी रोखते, लागण पूर्ण रोखत नाही, तेव्हा लस टोचली आणि झोपलो असं चालत नाही. शिवाय मोंटानात गॅलॅटिन, पार्क, मॅडिसन, बीव्हरहेड या काउंट्यांमध्ये (म्हणजे तिकडचे जिल्हे) खास देखरेख क्षेत्र आहे, तिथून जनावर विकायचं तर आधी रक्ताची टेस्ट. पूर्वी कळपात रोग सापडला की बहुतेक अख्खा कळप कापायला जायचा, २०१० च्या शेवटी नियम बदलले, आता रोगी जनावरं काढून बाकीचा कळप क्वारंटाइन करतात आणि पुन्हा पुन्हा टेस्ट करतात, त्यातली एक टेस्ट गाई व्यायल्यानंतर. मालकाला सगळ्यात जाचतं ते हेच क्वारंटाइन, कारण त्या काळात विक्री ठप्प.

एल्क हटवायचं म्हणाल तर ते सोपं नाही. वायोमिंगमध्ये सरकारच हिवाळ्यात त्यांना ठरलेल्या जागी वैरण घालतं, जॅक्सनजवळचं नॅशनल एल्क रेफ्यूज १९१२ पासूनचं आहे. हेतू हाच की ते गाईंच्या गंज्यांवर येऊ नयेत, पण एका जागी शेकडो जमले की आतल्या आत रोग पसरतो, आणि एकदम बंद करावं तर परत रँचवरच येणार. त्यात आता एल्कमध्ये जनावर झिजवून मारणाऱ्या प्रायॉन रोगाचीही (बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा) भीती आहे, तो गर्दीत आणखी वाढतो. मोंटानात वैरण घालत नाहीत तरी लागण वाढली, कारण शिकारीला परवानगी न देणाऱ्या बड्या मालकांच्या जमिनीवर कळप जाऊन बसतात, म्हणजे तिथेही गर्दी. अशा शेजाऱ्याने शिकाऱ्यांना फाटक उघडलं तर दहा मालकांचं काम सोपं होईल, पण ते कोण ऐकणार!

हा रोग माणसालाही होतो, म्हणून भाच्याला एवढं सांगा की व्यायला आलेल्या किंवा गाभडलेल्या गाईला हातमोज्याशिवाय हात लावू नको, कच्चं दूध पिऊ नको, आणि नंतर ताप येऊन-जाऊन राहिला, सांधे दुखले तर डॉक्टरला रँचचं काम आधी सांग, नाहीतर ते दुसरंच काहीतरी शोधत बसतात. आणि फलटणात कुणी उघड्या हाताने वार ओढत असेल तर त्यालाही हेच. आपल्याकडे ब्रुसेला बहुतेक विकत आणलेल्या जनावरासोबत येतो, तेव्हा बाजारातून गाय आणली की आधी वेगळी बांधा, रक्त तपासा, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना लस टोचून घ्या, सरकारी कार्यक्रमात ती फुकट आहे.