अपूर्णांक मिती की फ्रॅक्टल मिती?

भुसावळच्या एका वाचकाने विचारले आहे: तापी खोऱ्यातल्या नद्यांच्या जाळ्यावर प्रकल्प लिहिताना ‘अपूर्णांक मिती’ म्हणावे की ‘फ्रॅक्टल मिती’? आणि मिती ‘मोजली’ लिहावे की ‘काढली’?

‘फ्रॅक्टल मिती’च लिहा. फ्रॅक्टल म्हणजे जवळ जाऊन पाहिले तरी तपशील दिसत राहणारा आकार; तो जागा किती दाट भरतो, हे त्याची मिती सांगते. ‘अपूर्णांक मिती’ ऐकायला सोपा शब्द, पण फसवा. कॉख वक्राची, म्हणजे हिमकणाच्या काठासारख्या दंतुर रेघेची, मिती 1.26 च्या आसपास आहे हे खरे. पण सिएर्पिन्स्कीच्या चतुष्फलकाची (चतुष्फलकाचा मधला भाग पुन्हा पुन्हा काढून उरणाऱ्या आकाराची) मिती नेमकी 2 येते आणि तोही फ्रॅक्टलच आहे. गणितज्ञ मँडेलब्रो यांनी 1975 मध्ये ‘फ्रॅक्टल’ हा शब्द लॅटिन ‘फ्रॅक्टस’वरून, म्हणजे तुटलेला या अर्थावरून घडवला. पूर्णांक-अपूर्णांक ही त्याची अट नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काढली’. मोजतात त्या चौकटी. मिती त्यावरून निघते. तापी आणि गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा यांचे जाळे नकाशावरून एक पिक्सेल जाडीच्या रेघेत उतरवा. त्यावर 2, 4, 8 असे 256 पिक्सेलपर्यंत बाजू दुप्पट करत चौकटींच्या जाळ्या ठेवा आणि रेघ जाते तेवढ्याच चौकटी मोजा. प्रत्येक जाळी थोडी सरकवून सगळ्यात कमी भरलेली संख्या धरा. मग चौकटींच्या संख्येचा लॉग (लॉगॅरिदम) आणि बाजूच्या व्यस्ताचा (1 भागिले बाजू) लॉग यांचा आलेख काढा. त्याचा चढ म्हणजे मिती. घोटाळा होतो तो दोन्ही टोकांना. रेघ जाड राहिली तर छोट्या चौकटींना चढ 2 कडे सरकतो, कारण तिथे नदी नव्हे, शाई मोजली जाते. मोठ्या चौकटी इतक्या थोड्या असतात की एखादी कमी-जास्त झाली तरी चढ हलतो. दोन्ही टोके सोडा, मधला सरळ भाग घ्या.

‘अरेषीय’ (कारणाच्या प्रमाणात परिणाम न होणारे) हा शब्दही जपून वापरा. गिरणेच्या रोजच्या विसर्गाच्या आलेखाची मिती 1 आणि 2 च्या मध्ये आली, म्हणून नदीचे वर्तन अरेषीय ठरत नाही. साध्या यादृच्छिक चालीच्या (प्रत्येक पाऊल नशिबावर ठरणाऱ्या मालिकेच्या) आलेखाची मिती 1.5 असते आणि ती प्रक्रिया पूर्ण रेषीय आहे. त्यासाठी वेगळी चाचणी लागते: मूल्ये आणि वर्णपट (कोणत्या वारंवारतेच्या लाटेचा जोर किती) जवळपास तसेच ठेवून, फेज (त्या लाटांची एकमेकींशी जुळणी) विस्कटून नकली मालिका बनवायच्या. मूळ मालिकेची सहसंबंध मिती (मालिकेतले बिंदू एकमेकांच्या किती जवळ पडतात यावरून काढलेली मिती) त्या साऱ्यांहून ठळक वेगळी आली, तरच अरेषीयतेबद्दल बोलता येते.

अहवालात आकडा एकटा देऊ नका. ‘4 ते 128 पिक्सेल या पल्ल्यात फ्रॅक्टल मिती अमुक आली’ असे वाक्य लिहा आणि नकाशाचे प्रमाणही सांगा.