फीसाठी फ्लॅट विकू नका, जर्मन शिकण्यावर खर्च करा

प्रश्न थोडक्यात असा: पिंपळे सौदागरच्या एका आईने लिहिलं आहे. यजमानांना श्टुटगार्टमधल्या कंपनीत कायमस्वरूपी नोकरी मिळाली आहे, ऑगस्टमध्ये निघायचं आहे. मुलगी ७ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. पगार हातात महिना साधारण ४,४०० युरो येईल. इंटरनॅशनल स्कूलची वर्षाची फी मुलीची १९,५०० आणि मुलाची १६,५०० युरो आहे, आणि कंपनी पहिल्या वर्षी १०,००० युरो देणार आहे. यजमानांच्या नावावरचा दुसरा फ्लॅट (अंदाजे ७५ लाख, कर्ज नाही, भाडं २२,०००) विकून फी भरावी का? "दोन वर्षं इंटरनॅशनलमध्ये रुळू देत, मग सरकारी शाळेचं बघू," असा त्यांचा विचार आहे.

ताई, तुमच्या पत्रातलं हे "मग बघू" मला सगळ्यात महाग वाटतं. त्यावरच आधी बोलतो.

बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात प्राथमिक शाळा, म्हणजे ग्रुंडशूले, चौथीपर्यंतच असते. चौथीत मुलांची वाट ठरते: गिम्नाझियम (विद्यापीठाच्या वाटेवरची शाळा), रेआलशूले (मधल्या पातळीची शाळा) की आणखी कुठली शाळा. तुमची मुलगी आत्ता दुसरीत शिरली तर जर्मन आत्मसात करायला तिच्या हातात साधारण अडीच वर्षं आहेत. दोन वर्षं इंग्रजीत शिकून ती थेट चौथीत गेली, तर नेमक्या त्याच वर्षी तिच्याकडे भाषा नसेल. आणि ७५ लाखांतला कर वजा करून उरलेला पैसा तोपर्यंत संपलेला असेल. दोघांची फी वर्षाला ३६,००० युरो, युरो १०० रुपये धरला तरी ३६ लाख. दोन वर्षांत फ्लॅट गेला, आणि सरकारी शाळेचा प्रश्न आजच्यापेक्षा अवघड होऊन समोर उभा राहिला.

इंटरनॅशनल स्कूल घ्यायचीच तर बारावीपर्यंत घ्यायची, नाहीतर मुळात घ्यायचीच नाही. एकट्या मुलीची आजच्या फीने पुढची ११ वर्षं मोजली तर २ लाख १४ हजार युरो होतात, फीवाढ न धरता. महिन्याचं गणितही बघा. पगार ४,४००, त्यात २०२६च्या दराने मुलामागे २५९ युरो किंडरगेल्ड (सरकारकडून मिळणारा बालभत्ता) मिळवला, म्हणजे एकूण ४,९००च्या आसपास. भाडं-हीटिंगला १,८०० आणि किराणा, प्रवास, विमे यांना १,४०० धरा. उरतात १,७००, आणि दोघांची फी महिन्याला ३,०००. शाळा मान्यतेच्या अटीत बसत असेल तर फीच्या ३० टक्के, पण मुलामागे जास्तीत जास्त ५,००० युरोच करपात्र उत्पन्नातून वजा होतात. त्याने हे भगदाड बुजत नाही.

सरकारी शाळेला फी नाही. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी तयारीचे वर्ग असतात, पण प्रत्येक शाळेत नाहीत. त्या राज्यात ग्रुंडशूले साधारणपणे पत्त्यावरून ठरते, म्हणजे तुम्ही घर निवडता तेव्हाच शाळाही निवडता. म्हणून घराचा करार करण्यापूर्वी तिथल्या शालेय कार्यालयाला विचारा, तयारीचा वर्ग असलेली शाळा कोणत्या भागात आहे. त्यासाठी भाडं २०० युरो जास्त गेलं तरी द्या. वर्षाला २,४०० युरोच होतात, आणि ते मला फीपेक्षा कितीतरी सार्थकी वाटतात.

मुलाचं सोपं आहे. चार वर्षांच्या मुलाला किंडरगार्टनमध्ये जागा मिळण्याचा कायद्याने हक्क आहे, पण मोठ्या शहरात प्रत्यक्ष जागा मिळायला वेळ लागतो. तोवर खासगी द्विभाषिक किंडरगार्टन चालेल. इथेच कंपनीशी बोलायला हवं. शाळेची फी कंपनीने दिली तर ती पगार समजून तिच्यावर कर लागतो. शाळेच्या वयाखालच्या मुलाच्या किंडरगार्टनचा खर्च मात्र ठरलेल्या पगाराव्यतिरिक्त दिला तर करमुक्त असतो. ते १०,००० युरो मुलाच्या नावाने मागा. सही करण्यापूर्वी मागा, नंतर कोणी बदलत नाही.

फ्लॅटबद्दल आणखी एक. यजमान ऑगस्टमध्ये नोकरीसाठी गेले की या आर्थिक वर्षात त्यांचे भारतातले दिवस १८२ भरणार नाहीत. करासाठी ते अख्ख्या वर्षाचे अनिवासी ठरतील, फ्लॅट निघण्याआधी विकला तरीही. जुन्या घराच्या नफ्यावर इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरून) २० टक्के कर की त्याशिवाय १२.५ टक्के, ही निवड २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीत फक्त निवासींना आहे. शिवाय अनिवासी विक्रेत्याच्या पैशातून खरेदीदाराला मोठा टीडीएस (आगाऊ कर) कापावा लागतो, आणि तो कमी करायला आधी आयकर खात्याचं प्रमाणपत्र काढावं लागतं. घाईत विकण्याची ही वेळ नाही. भाडं एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं बँक खातं) जमू द्या. परत यावं लागलं तर आधार राहील.

तुमच्याबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिली नाही. ब्लू कार्डवाल्याच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) जोडीदाराला तिथे नोकरीची मोकळीक असते. तुमची कमाई सुरू झाली की घराचं चित्रच बदलतं. पण ग्रुंडशूले अनेक ठिकाणी दुपारी सुटते, म्हणून दुपारच्या सांभाळाची जागाही शाळेबरोबरच विचारा. पूर्ण दिवसाच्या सांभाळाचा कायदेशीर हक्क २०२६-२७पासून पहिलीच्या वर्गापासून सुरू होतोय, त्यामुळे दुसरीतल्या मुलीला तो आपोआप मिळणार नाही. यजमानांनी जर्मनची बी१ (मध्यम) पातळी गाठली तर ब्लू कार्डावर २१ महिन्यांत कायम वास्तव्य मागता येतं, ए१वर (अगदी सुरुवातीची पातळी) २७ महिने लागतात. निघेपर्यंत दोघांनी पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनात नाव घाला, मुलीला घरी रोज अर्धा तास जर्मन ऐकवा, आणि तिथे पोहोचल्यावर पहिलं वर्षभर तिला आठवड्यातून दोन तासांची शिकवणी लावा.

माझं मत एकाच परिस्थितीत बदलेल. हीच नोकरी दोन वर्षांची बदली असती, परतीची तारीख कागदावर असती आणि पूर्ण फी कंपनी भरत असती, तर मी इंटरनॅशनल स्कूल घ्या म्हटलं असतं. तुमच्या हातात कायमस्वरूपी करार आहे. तरी मन परतीकडे ओढत असेल, तर बॅगेत बालभारतीची दुसरी-तिसरीची मराठीची पुस्तकं ठेवा. नऊ वर्षांची मुलगी इथे परत आली तर गणित-विज्ञान ती भरून काढेल, देवनागरी लिहिण्याची सवय मात्र तुटलेली असेल.