उरलेली पदवी ऑनलाइन पूर्ण करताना खरा खर्च कसा मोजावा

नमस्कार. तुम्ही लिहिले आहे की बी.कॉम.ची दोन वर्षे कणकवलीत झाली, 2017 मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे तिसरे वर्ष राहून गेले, आता देवगडला आंब्याच्या कलमांची बाग सांभाळत पदवी पूर्ण करायची आहे, आणि ऑनलाइन पदवीचे प्रवेश देणाऱ्या एका समुपदेशकाने फोनवर ‘दरमहा फक्त 2,999 रुपये, 36 हप्ते’ असे सांगितले आहे. हे स्वस्त आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. मी स्वतः राजापुरात नोकरी करत, मध्ये पंधरा वर्षे गेल्यावर पदवी पूर्ण केली. त्यानंतर ओळखीच्या अनेकांचे प्रवेश अर्ज जवळून पाहिले. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

दरमहाच्या आकड्यावरून काहीही ठरवू नये. 2,999 रुपयांचे 36 हप्ते म्हणजे 1,07,964 रुपये. तुमचे तर एकच वर्ष उरले आहे. मग हप्ते 36 का, हे त्या समुपदेशकाला प्रथम विचारावे. तुमची झालेली दोन वर्षे धरली जाणार नसतील, तर तुम्ही उरलेली पदवी नव्हे, संपूर्ण नवी पदवी विकत घेत आहात. खर्चाचा सर्वांत मोठा फरक शुल्काच्या दरात नसून याच ठिकाणी असतो, आणि याबद्दल फोनवर कोणी आपणहून बोलत नाही.

म्हणून पहिला अर्ज तुमच्या मूळ विद्यापीठाकडे करावा. चारही सत्रांच्या गुणपत्रिकांच्या प्रती जोडून लेखी विचारावे की जुन्या अभ्यासक्रमानुसार तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल का, आणि न मिळाल्यास त्याच विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागात कोणत्या वर्षाला प्रवेश मिळेल. मुंबई विद्यापीठाचा दूरशिक्षण विभाग 1971 पासून आहे आणि सिंधुदुर्ग जिल्हा त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. तेथे नकार आला तरच दुसऱ्या विद्यापीठाकडे वळावे, आणि तेथेही पैसे भरण्यापूर्वी विचारावे की मागील किती क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) ग्राह्य धरणार. तीन वर्षांच्या पदवीला आता किमान 120 क्रेडिट लागतात. एकूण खर्चाला प्रत्यक्ष मिळवायच्या उरलेल्या क्रेडिटनी भागले की दोन विद्यापीठांची तुलना खऱ्या अर्थाने होते. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्यांची क्रेडिट ऑनलाइन साठवून ठेवणारी व्यवस्था, 2021 मध्ये सुरू झाली. तिच्यात साठवलेली क्रेडिट सर्वसाधारणपणे सात वर्षेच वापरता येतात, आणि तुमचे निकाल त्याआधीचे आहेत. त्यामुळे ‘सगळे आपोआप जमा होते’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट मान्यतेची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या सत्रासाठी, कोणत्या अभ्यासक्रमाची परवानगी आहे, याची यादी असते; केवळ विद्यापीठाचे नाव नव्हे, तर तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचे सत्र तिच्यात पाहावे. 2024 पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी (याच दूरशिक्षण मंडळाचा ओळख क्रमांक) काढावा लागतो. तो स्वतःच काढावा, एजंटाच्या हाती देऊ नये. शिवाय आयोगाच्या 2020 च्या नियमांनुसार पदवीचे शिक्षण फ्रँचायझी देऊन चालवता येत नाही. बाजारपेठेतील एखाद्या गाळ्यात परराज्यातील खासगी विद्यापीठाचे ‘दूरशिक्षण केंद्र’ असल्याची पाटी दिसली, तर तेथे एक रुपयाही भरू नये.

आता शुल्काच्या पारदर्शकतेविषयी. त्याच नियमांनुसार विद्यापीठाने प्रवेश सुरू होण्यापूर्वी माहितीपुस्तिका प्रसिद्ध करून शुल्काचा प्रत्येक घटक आणि परत मिळणाऱ्या रकमेची टक्केवारी तिच्यात द्यायची असते. ती पुस्तिका मागणे हा तुमचा हक्क आहे, यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. माझ्या बाबतीत जे घडले ते सांगतो. पहिल्या प्रयत्नात मी एका संस्थेत केवळ वार्षिक शुल्क विचारून पैसे भरले. नंतर पात्रता शुल्क आले, प्रत्येक सत्राचे परीक्षा शुल्क आले, दोन विषय राहिले तेव्हा प्रत्येक विषयाचे पुनर्परीक्षा शुल्क आले, आणि परीक्षा केंद्र कोल्हापूरला आल्यामुळे दर खेपेला एसटीचे भाडे, मुक्कामाचा खर्च आणि बुडालेली मजुरी पदरची गेली. दोन वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा जाहीर शुल्काच्या जवळजवळ दुप्पट रक्कम गेली होती आणि हातात पदवी नव्हती. यातील कोणतीही रक्कम बेकायदा नव्हती. ती मला आधी कोणी एकत्र सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती, एवढेच.

तेव्हा नोंदणीपासून पदवी प्रमाणपत्र हाती येईपर्यंतची संपूर्ण रक्कम ईमेलवर मागवावी: नोंदणी, पात्रता, शिक्षण शुल्क, परीक्षा, एका विषयाची पुनर्परीक्षा, स्थलांतर प्रमाणपत्र, पदवीदान, आणि ठरलेल्या मुदतीत पदवी न झाल्यास पुनर्नोंदणी. पुढच्या वर्षी शुल्क वाढणार का, हेही त्यातच विचारावे. आपल्याकडे यात आणखी दोन बाबी धराव्यात. एक म्हणजे परीक्षेची वेळ. एप्रिल-मे महिन्यांत तुमची काढणी आणि पेट्या भरण्याचे काम असते. परीक्षा त्याच वेळी असेल आणि ती हुकली, तर पुनर्परीक्षेचे शुल्क भरून पुढच्या खेपेची वाट पाहावी लागते. मासेमारी करणाऱ्या घरांतील मुलांना मी नेहमी सांगतो की जून-जुलैच्या बंदीकाळात अभ्यास होतो, पण त्या वेळी वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असतात. म्हणून दुसरी बाब ही: घरून देण्याच्या परीक्षेत मध्येच संपर्क तुटला तर पेपर पुन्हा विनाशुल्क देता येतो का, याचे लेखी उत्तर घ्यावे.

‘विनाव्याज हप्ता’ म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावरचे कर्ज असते. उदाहरण म्हणून 60,000 रुपयांवर दोन वर्षांसाठी दरवर्षी सरळ 12 टक्के व्याज लावले, तर 3,100 रुपयांचे 24 हप्ते होतात आणि एकूण 74,400 रुपये जातात. मुद्दल दरमहा कमी होत असल्यामुळे खरा वार्षिक दर 21 टक्क्यांच्या पुढे जातो. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक निर्देशांनुसार हा वार्षिक दर सांगणारे मुख्य माहितीपत्रक करारापूर्वी द्यावे लागते. शिक्षण सोडले तरी कर्ज सुटत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. पावतीही नीट पाहावी: कायद्याने मान्य पदवीच्या शिक्षण शुल्कावर जीएसटी नसतो, त्यामुळे पावतीवर 18 टक्के कर दिसला तर ती रक्कम बहुधा शिकवणी किंवा मध्यस्थ सेवेची आहे, पदवीची नाही.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) 1985 पासून हेच काम करत आहेत, आणि त्यांचे शुल्क खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांपेक्षा सहसा पुष्कळ कमी असते. मान्यताप्राप्त दूरशिक्षण आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, हे आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे स्वस्त म्हणजे कमी दर्जाची ही भीती मनातून काढावी. या दोन्हींच्या माहितीपुस्तिका उतरवून घ्या, त्या समुपदेशकाकडून वरील यादीचे उत्तर ईमेलवर मागवा, आणि तिन्ही ठिकाणची एकूण रक्कम व ग्राह्य क्रेडिट येथे लिहा. मी आकडे तपासून देईन. तोपर्यंत मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात देऊ नका, कारण पडताळणी झाल्यावर मूळ कागदपत्रे स्वतःकडे ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही.