अमृतवाणी आणि करपा

चि. भाचेबुवांस अनेक उत्तम आशीर्वाद.

चोपड्याच्या केळी मेळाव्यातल्या तुझ्या सूत्रसंचालनाचं रेकॉर्डिंग ऐकलं. आवाज मोकळा आहे, माइकची भीती नाही. पण 'ज्ञानगंगेचे भगीरथ आता अमृतवाणीने आपणांस तृप्त करतील' हे काय चाललंय? समोर केळीवाले शेतकरी, बोलणार केळीतले तज्ज्ञ, विषय करप्याचा, म्हणजे केळीच्या पानांवरच्या रोगाचा. पानावर पिवळट रेघा दिसल्या की लगेच काय करायचं, पान वाळेपर्यंत थांबलं तर काय होतं, एवढंच ऐकायला लोक आले होते. ते राहिलं बाजूला, तू अमृत वाढत बसलास. शेवटी मागून कुणीतरी म्हणालंच, "पुस्तक वाची ऱ्हायना का भो?"

हसून सोडू नकोस. लोक कुठला शब्द वापरतात तिकडे कान दे, त्यावरून नेमकं काय चुकलं ते कळतं. ओळख असून बोलत नाही तो शिष्ट. दोनदा बोलावल्याशिवाय हलत नाही तो भाव खातो. ठाऊक नसताना ठाऊक असल्यासारखं करतो तो आव आणतो. घरचं लपवून बाहेरचा थाट मिरवणाऱ्याची शायनिंग. तुला यातलं काहीच म्हणाले नाहीत, वाचतोयस का एवढंच विचारलं. हा रोग लवकर बरा होणारा आहे.

दुसरं दुखणं मात्र जरा चिवट. आपल्याकडे शाळेची शाया होते, पाण्याचं पानी. ते झाकायच्या नादात तू 'अणुभव' म्हणालास, 'मणापासून' म्हणालास. घरातलं 'पानी' कुणाला खटकत नाही. 'अणुभव' चोपड्यातसुद्धा खटकतो. प्रमाणभाषा जरूर शीक, नोकरीच्या मुलाखतीला लागेल, त्यात मिरवणं काहीच नाही. फक्त न कुठे आणि ण कुठे हे मोठ्याने वाचून जिभेला कळू दे. अंदाजाने ण पेरू नकोस.

आसोद्याच्या बहिणाबाईंना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या आपल्या बोलीत गाणी रचत गेल्या, घरच्यांनी ती उतरवून ठेवली, १९५२ मध्ये ती छापून आली. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. अशा बाईला कुणी व्यासपीठावरून 'काव्यगगनातील तेजस्वी तारका' म्हटलं की मला हसू आवरत नाही. तू ते म्हणू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

पुढच्या मेळाव्याचं निवेदन आधी मला पाठव. पाहुण्यांचं नाव, ते काय काम करतात, आज काय सांगणार, बस्स. 'दीपप्रज्वलन' राहू दे, ते आता सगळ्यांच्या तोंडी रुळलंय. 'शुभहस्ते' काढ, 'हस्ते' पुरतं. 'विचारपीठावर विराजमान' तर काढच. माणसं खुर्चीवर बसलेली दिसतात सगळ्यांना. आणि आभार आटोपते घे, मागच्या रांगेतल्यांना शेवटची एसटी गाठायची असते.

तुझा मामा