साडेतीन वर्षांच्या मुलाला बालवाडीत नुसतं खेळवतात, लिहायला शिकवत नाहीत. त्याचा खरंच काही फायदा होतो का?

प्रश्न परभणीहून आला आहे. बालवाडीत जाऊन चार महिने झाले तरी वही कोरीच आहे, शेजारच्या नर्सरीतला त्याच्याच वयाचा मुलगा मात्र ए ते झेड लिहितो, तर बालवाडी बदलावी का, असं विचारलंय.

वही कोरी असणं हे त्या बालवाडीचं चांगलं लक्षण आहे. पालकसभेत हे म्हटलं की कुणीतरी उठून ‘मग फी कशाची घेता?’ असं विचारतंच. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती टणक हाडं नसून मऊ, लवचीक कूर्चा असते. पहिल्या वर्षात दोन हाडं टणक व्हायला लागतात, तिसऱ्याच्या आसपास तिसरं, चौथ्याच्या आसपास चौथं, पुढची तीन साधारण सहाव्या वर्षापर्यंत आणि शेवटचं त्याच्याही बरंच नंतर. या वयात हात लिहायला तयार नसतो, त्याला हाडं हे एकच कारण नाही. हातावरचा ताबा खांद्याकडून बोटांकडे उतरत येतो, आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, सगळ्यात शेवटी बोटं. साडेतीन वर्षांचं मूल रेघ ओढतं ती अख्खा हात हलवून. बघून गोल काढणं तिसऱ्या वर्षी जमतं, अधिकाचं चिन्ह चौथ्याच्या सुमारास, चौकोन साडेचारला आणि त्रिकोण पाचच्या पुढे. त्रिकोण उशिरा येतो कारण तिरपी रेघ उशिरा येते. आता ‘र’, ‘स’, ‘ख’ काढून बघा आणि त्यात तिरपी रेघ कुठे आहे ते पाहा. ज्या हाताला तिरपी रेघच येत नाही, त्याच्याकडून आपण पानभर ‘र’ गिरवून घेतो.

मग व्हायचं ते होतं. मूल पेन्सिल मुठीत धरतं किंवा अंगठा बोटांवरून गुंडाळतं, जोर देऊन दाबतं, टोक मोडतं, कागद फाटतो. ही पकड एकदा बसली की दुसरीत-तिसरीत भराभर लिहायची वेळ आल्यावर हात दुखतो, अक्षर बिघडतं आणि तेव्हा पकड बदलणं फार जड जातं. शेजारच्या मुलाच्या वहीवर जाऊ नका, तो लिहिताना त्याचा अंगठा कुठे आहे ते बघा.

लिहिण्याची तयारी वहीशिवाय होते. भिंतीवर मुलाच्या खांद्यापासून डोक्याच्या जरा वरपर्यंत काळा रंग द्या आणि खडूचे दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करून द्या. तुकडा आखूड असला की मुठीत धरता येत नाही, मूल आपोआप चिमटीत धरतं. उभ्या भिंतीवर काढताना मनगट मागे वळतं, आणि पुढे लिहायला मनगटाची तीच ठेवण लागते. ओलं फडकं पिळणं, कणीक तिंबणं, डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या शेंगा आणि हरभऱ्याचे घाटे सोलणं, यातून बोटांत जी ताकद येते ती गिरवून येत नाही. कात्री चौथ्या वर्षापासून, बोथट टोकाची. सुरुवातीला कागदाची दोन बोटं रुंद पट्टी द्या, एका कातरीत तुटेल अशी. आखलेल्या रेघेवरून कापायला लगेच लावू नका.

आणि माती! आपल्याकडे काळी माती पायाखाली आहे आणि शाळा प्लास्टिकच्या डब्यातली रंगीत माती विकत आणतात. शेताच्या बांधावरची स्वच्छ माती घ्या, उकिरडा किंवा लोक बाहेर बसतात तिथली नको. दोन दिवस कडक उन्हात वाळवा, कुटून चाळा, काटे-काचा निघून गेल्या पाहिजेत. तीन घमेली मातीला एक घमेलं बारीक वाळू घाला, कारण नुसती काळी माती वाळताना आकसते आणि मुलाचा बैल दुसऱ्याच दिवशी तडकतो. रात्रभर भिजवून सकाळी मळा, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघा. तडे गेले तर पाणी कमी पडलं, हाताला चिकटली तर जास्त झालं. मुलाला मोसंबीएवढा गोळा पुरतो. बनवलेलं सावलीत वाळवा. नंतर साबणाने हात, नखं कापलेली, आणि १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती चुकवायची नाही. एवढं पाळलं तर मातीची भीती बाळगायचं कारण नाही.

ओतणं शिकवायचं तर आधी ज्वारी, मग पाणी. परातीत दोन तांबे ठेवा, एकातून दुसऱ्यात ओतू द्या. सांडलेलं वेचणं हाही कामाचाच भाग आहे, ते आपण उचलायचं नाही. पाण्यासाठी अर्धी बादली चौघांना पुरते, नंतर तेच पाणी झाडाला. टँकरच्या गावांत एप्रिल-मेमध्ये ज्वारीवरच भागवावं.

मोजण्याचंही तसंच. शंभरापर्यंत म्हणून दाखवणाऱ्या मुलापुढे सात चिंचोके ठेवा. बोट एकावर आणि तोंडात दुसराच आकडा, असं बहुतेकदा होतं. तेच चिंचोके लांब-लांब पसरले की ‘आता जास्त झाले’ म्हणतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे पूर्वीच दाखवून दिलंय, मूल सहा-सातचं होईपर्यंत ते असंच चालतं. हे पाठांतराने सुटत नाही, पुन्हा पुन्हा मांडून, वाटून, झाकून सुटतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र चिंचोके, मणी, हरभरे देऊ नका. हरभरा नाकात गेला की फुगतो, घरी काढायचा प्रयत्न न करता सरळ डॉक्टरकडे न्यावं.

फायद्याचा पुरावा मागणाऱ्यांसाठी एकच. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यप्सिलांटी गावात १९६२ पासून १२३ गरीब मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांच्या आसपास मुलांना रोज अडीच तासांची बालशाळा आणि शिक्षिकेची दर आठवड्याला घरभेट मिळाली. काय करायचं ते मुलं आधी ठरवायची, मग करायची, मग काय केलं ते सांगायची. चाळिशीपर्यंत मागोवा घेतला तेव्हा शिक्षण, कमाई आणि कायद्याच्या भानगडींपासून दूर राहणं, तिन्हींत बालशाळेत गेलेली मुलं उरलेल्यांच्या पुढे होती. बुद्ध्यांकात आधी दिसलेला फरक मात्र काही वर्षांत पुसला गेला होता. म्हणजे ‘माझा मुलगा आत्ता काय लिहितो’ हे मोजमापच चुकीचं आहे. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलांसोबत पानं, बिया, शंख-शिंपल्यांवर हेच काम केलं. आणि लातूर पॅटर्नच्या नावाने तीन वर्षांच्या पोराला शिकवणी लावणारे पालक मला म्हणतात की हे शहरी थेरं आहेत!

आता बदलायचं की नाही. मी तुमची बालवाडी पाहिलेली नाही. जाऊन अर्धा तास बसा. बालसंगोपन आणि बालशिक्षणाच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीस मुलांना ३५ चौरस मीटरची खोली सांगितली आहे, ते ताडून बघा. साहित्य मुलांच्या हाताला येईल असं खाली आहे की कपाटात कुलपात? बाई मुलांशी घरच्या बोलीत बोलतात का, ‘का पडलं, आता काय होईल’ असं विचारतात का? मुलं नुसती मोकळी सोडलेली आणि बाई मोबाईलवर, असं असेल तर बदला, कारण तसं खेळणं मूल घरीही करतं. प्रदर्शनासाठी बाईंनीच चिकटवलेली तीस एकसारखी फुलपाखरं म्हणजेही हाताने शिकणं नव्हे. आणि कोरी वही मी चांगली म्हटली ती या वयासाठी. साडेपाचच्या पुढे मुलाने आपलं नाव लिहायला धडपडावं.

त्या वयातही पेन्सिल मुठीतच धरत असेल, किंवा आत्ता साडेतीनला तीन शब्दांचं वाक्य जुळवत नसेल, तर बालवाडी बदलून काही होणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांना दाखवा. मूल खासगी बालवाडीत जात असलं तरी गावातल्या अंगणवाडी ताईंना तारीख विचारून त्या दिवशी घेऊन जा.