पोर्शे बघायला जर्मनी : एफडी मोडायची का?

प्रश्न : वय ४३. कुपवाड एमआयडीसीत नोकरी, पत्नी शिक्षिका. दोघांचे मिळून हातात १,०५,००० येतात. घराचा हप्ता २२,०००, घरखर्च ४५,०००, एसआयपी १२,०००, भिशी ५,०००. मुलगी अकरावीत. पतसंस्थेत साडेतीन लाखांची एफडी आहे. लहानपणापासून गाड्यांचं वेड. एका टूरवाल्याने स्टुटगार्टचं 'म्युझियम वीकेंड' पॅकेज दिलंय : चार रात्री, २,३५,००० रुपये. एफडी मोडू की पतसंस्थेतून १४ टक्क्यांनी कर्ज काढू? बायको म्हणते, गाड्या बघायला सव्वादोन लाख? – एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : जा. पण या पॅकेजने नको, आत्ता नको आणि एफडी मोडून तर नकोच.

तुम्ही गावभागात राहता, म्हणून एफडीचं आधी बोलू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. दोनच वर्षांनी पुन्हा तेच. घरखर्च आणि हप्ता मिळून तुमचे महिन्याला ६७,००० जातात, म्हणजे ही एफडी जेमतेम पाच महिन्यांची बेगमी. पुन्हा पूर आला तर गाळ काढणं, फ्रीज-गाद्या नव्याने घेणं, चार आठवडे दुसरीकडे भाड्याने राहणं, सगळं यातूनच होणार. आणखी एक, तुम्ही विचारलं नसलं तरी : बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचं विमा संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. मुदत संपली की ही रक्कम बँकेत हलवा. ओळखीचे संचालक आहेत म्हणून पैसे तिथेच ठेवायची आपल्याकडे रीत आहे, मला ती कधीच पटली नाही.

कर्जाचं गणित लहान आहे. दोन लाख, १४ टक्के, दोन वर्षं : हप्ता सुमारे ९,६०० आणि व्याज तीस हजारांच्या घरात. तेवढ्यात जर्मनीतल्या तीन-चार रात्रींचं हॉटेल येतं.

आता पॅकेज. तुम्ही पाठवलेला कार्यक्रम वाचला. रविवारी सकाळी पोहोचायचं, दुपारी मर्सिडीज-बेंझ म्युझियम, सोमवारी पोर्शे. अहो, सोमवारी पोर्शे म्युझियम बंद असतं! मर्सिडीजचंही बंद असतं. म्हणजे सव्वादोन लाख भरून तुम्ही स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, पोर्शेच्या बंद दारासमोर फोटो काढणार. ज्याने हे बनवलं त्याने तिथली वेळापत्रकंही उघडून पाहिलेली नाहीत. शिवाय पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, लागतो. रिटर्न भरताना तो करात वळता होतो, पण तोवर पैसे अडकून राहतात. स्वतः बुकिंग केलंत आणि वर्षभरात परदेशी पाठवलेली रक्कम १० लाखांच्या आत राहिली, तर हा प्रश्न येत नाही.

मुळात 'वीकेंड' हीच कल्पना महाग आहे. मुंबईहून जाऊन-येऊन विमान साधारण ६५,०००. शेंगेन व्हिसाचे ९० युरो आणि वर व्हिसा केंद्राचा सेवाआकार, ३०,००० युरोंचं कव्हर असलेला सक्तीचा प्रवास विमा, सांगली-मुंबई ये-जा, असे आणखी १९,०००. हे ८४,००० दोन दिवसांसाठी गेलात तरी लागणार आणि सहा दिवसांसाठी गेलात तरी तेवढेच. माझ्या अंदाजाने दोन दिवसांची सहल १,१७,००० ला पडते आणि सहा दिवसांची १,७५,००० ला. दिवसाला ५८,००० मोजण्यापेक्षा २९,००० मोजा.

आणि तुमच्यासारख्या माणसाला दोन दिवस पुरायचे नाहीत. मर्सिडीजच्या म्युझियममध्ये लिफ्टने सगळ्यात वर नेतात आणि तिथून उतरत उतरत खाली यायचं. सुरुवातीलाच १८८६ ची, कार्ल बेंझने पेटंट घेतलेली तीनचाकी. तिथेच तुमचा तास जाईल, पुढे मजल्यांवर मजले आहेत. एक पूर्ण दिवस त्यालाच द्या. पोर्शेला दुसरा दिवस, म्युझियम लोकल स्टेशनच्या अगदी समोर आहे. सोमवारी झिन्सहाइम गावातलं टेक्निक म्युझियम करा, ते वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं. गाड्या आहेतच, वर छतावर कॉनकॉर्ड आणि रशियन टुपोलेव्ह-१४४, दोन्ही विमानं शेजारी शेजारी. उरलेल्यात म्युनिकचं बीएमडब्ल्यू बसतं. तेही सोमवारी बंद, एवढं ध्यानात ठेवा.

पैसे कुठून? सगळं वजा जाता तुमच्याकडे महिन्याला २१,००० उरतात. त्यातले १३,००० या महिन्यापासून बँकेत आरडीला लावा, दहा महिन्यांत १,३०,००० होतील. भिशीत ऑक्टोबरला तुमचा नंबर आहे, एक लाख येतील. त्यातले ४५,००० सहलीला, बाकी एफडीत भर. एसआयपीला हात लावू नका. लेकीचं इंजिनिअरिंग पुढच्याच वर्षी आहे, खासगी कॉलेजची फी तुम्ही जाणता.

नोव्हेंबरात, दिवाळी आटोपली की निघा. महिनाअखेरीपासून तिथे नाताळचे बाजार भरतात आणि हॉटेलं चढतात, आणि फेब्रुवारीत घरात बारावीची परीक्षा. थंडी असेल, पण गाड्या छपराखाली असतात. पुराचा हंगामही तोवर सरलेला असतो. यंदा पाणी घरात आलंच, तर मात्र सहल एक वर्ष पुढे. तिकीट त्यामुळे सप्टेंबर उजाडल्याशिवाय काढू नका, चार पैसे जास्त पडले तरी चालतील.

तिकडे कार्ड वापरताना मशीन विचारेल, रुपयांत घेऊ की युरोंत? युरो निवडा, रुपयांत दर वाईट लावतात. आपल्या साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार आणि त्यावर जीएसटी लागतो, त्यामुळे मोठे खर्च आधीच युरो भरून ठेवलेल्या फॉरेक्स कार्डावर ठेवा.

राहिला वहिनींचा प्रश्न. तो पैशांचा नसावा असं वाटतं. एकट्याच्या हौशीला पावणेदोन लाख निघतात, तर त्यांच्या नावाने या घरात शेवटचे असे पैसे कधी निघाले? त्यांना विचारा, आणि मग १३,००० ची एकच आरडी काढायची की दोघांच्या दोन, ते ठरवा. दोन काढल्यात तर जर्मनी पुढच्या नोव्हेंबरात जाईल. श्रीरंगपट्टणला 'पयण' हे गाड्यांचं म्युझियम आहे, मिरजेहून म्हैसूरला थेट रेल्वे आहे. मधल्या काळात एखाद्या सुट्टीत तिघं तिकडे जाऊन या.